बुडत्याला हात देण्याआधी

"मावशी, मी पंधरा दिवस अंदमानला चाललेय. एकटीच. बुडणाऱ्या माणसाला वाचवायचा कोर्स करायला."

भाचीने फोनवर एवढं सांगितलं आणि माझी तव्यावरची पोळी करपली. अंदमानचं मला काही वाटलं नाही. पाठीवर एक बोचकं टाकून मुलींनी एकटं फिरायचं, ही गोष्टही आता घरोघरी रुळली आहे. पण बुडणाऱ्याला वाचवायचं? आमच्या घरातल्या मुलीनं?

ही भाची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, पीण्याला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. बेंगळुरूच्या वाचकांना पीण्या सांगायला नको. इतरांसाठी सांगते, तुमकूर रस्त्याच्या कडेनं पसरलेलं हे लघुउद्योगांचं एक गावच आहे. १९७०च्या दशकात वसलं आणि मग वाढतच गेलं. लेथ, प्रेस, ओतकाम, मुलामा, रंगकाम. एका गल्लीत स्प्रिंगा तर पुढच्या गल्लीत गिअर. आमचे हे १९८८ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात हात काळे करून इथे आले, ते निवृत्त होईपर्यंत पीण्यातच राहिले. निपाणी, बेळगाव, कोल्हापूरकडची अशी कितीतरी मंडळी इथल्या शेडमधून आहेत. आता मेट्रो झाली, 'पीण्या इंडस्ट्री' नावाचं स्टेशनच झालं, पण रस्त्यावर उतरलं की तोच तापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास. सगळ्यात जवळचा समुद्र मंगळूरचा, तोही साडेतीनशे किलोमीटरवर. तिथली मुलगी पाणबुडी व्हायला निघाली!

माझ्या घाबरण्याला कारण होतं. आमच्या माहेरी, निपाणीजवळच्या गावात, ओसरीवर एक फोटो आहे. चोवीस वर्षांचा तरुण, केस मागे वळवलेले. ते आमचे धाकटे काका. १९७४ साली शेजारचं पोर विहिरीत पडलं. काका मळ्यातून धावत आले आणि अंगातला सदराही न काढता उडी टाकली. पोहायला उत्तम येत होतं त्यांना. पाठीला भोपळा बांधून गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनीच पोहायला शिकवलेलं. पण पोरानं वर येता येता त्यांच्या गळ्याला जी मिठी मारली, ती सुटली नाही. दोघांनाही संध्याकाळी काढलं. मी सहा वर्षांची होते.

त्यानंतर आजीनं घरातल्या एकाही मुलाला विहिरीच्या काठावर फिरकू दिलं नाही. आमच्या पिढीत कुणालाच पोहता येत नाही. पाण्यापासून लांब ठेवलं म्हणजे पोरं वाचली, असा आमचा हिशेब. ही भाची पहिली, जिनं नोकरीला लागल्यावर घरी न सांगता महापालिकेच्या तलावावर नाव घातलं. मग एका दिवाळीत तारकर्लीला, पर्यटन महामंडळाच्या संस्थेत, स्कुबाचा पहिला कोर्स केला. म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून अठरा मीटरपर्यंत खाली जायचं. पुढच्या कोर्सला तीस मीटर. आणि त्याच्या पुढचा हा, 'रेस्क्यू डायव्हर'.

ती गेली आणि परत आली. येताना पोर्ट ब्लेअरहून (त्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, पण तोंडातून जुनंच येतं) शंखशिंपले न आणता नारळाची वडी आणली, कारण शंख आणि पोवळी तिथून उचलून आणायची नसतात. रविवारी आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा तिला समोर बसवून मी सगळं विचारून घेतलं.

हॅवलॉक बेटावर, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराजद्वीपावर, ती बांबूच्या झोपडीत राहिली. बेटावरच्या वस्त्यांची नावं गोविंदनगर, विजयनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना तिथे वसवलं, त्यांची ही गावं. सकाळी सायकलनं डायव्हिंगच्या ठिकाणी जायचं आणि दुपारी माशाचं कालवण-भात खाऊन पुस्तक वाचायचं. हे सगळं तिनं दोन मिनिटांत उरकलं. मग पाण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा माझा भात पानातच निवला.

पहिल्या दिवशी तिला पाण्यात उतरूच दिलं नाही. शिकवणारा मुलगा तामिळ. त्यानं तिला बोटीवर एका कोपऱ्यात बसवलं आणि सांगितलं, आज फक्त माणसं बघायची. कोण घाबरणार आहे, ते ओळखायचं. ती तपासणी विभागातली असल्यामुळे हे काम तिला आवडलं. एक गृहस्थ सारखे विनोद करत होते. एक मुलगी तोच पट्टा चौथ्यांदा ओढून बघत होती. एका बाईंना नवऱ्यानं हौसेनं आणलं होतं आणि त्या एकदम गप्प झाल्या होत्या. "मावशी, पाण्यातल्या अपघाताची सुरुवात पुष्कळदा बोटीवरच झालेली असते," ती म्हणाली. त्या गप्प झालेल्या बाईंना शिक्षकानं जवळ जाऊन हळूच विचारलं, आज नुसतं काठाजवळ पोहायचं का? बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. अख्ख्या कोर्समधली ही सगळ्यात मोठी सुटका, असं आमच्या भाचीचं मत.

घाबरण्याची एवढी धास्ती का, तेही तिनं समजावलं. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब जमिनीच्या दुप्पट असतो आणि सिलिंडरमधून येणारी हवाही त्याच दाबाची असते. छातीत ती भरून घेऊन माणूस श्वास रोखून वर धावला, तर वर येईपर्यंत तीच हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून स्कुबाचा पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो. म्हणून शिकवतात, थांब, श्वास घे, विचार कर, मग हात हलव. स्वतःच्या बाबतीत हे जमल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचंच नाही.

तिसऱ्या दिवशी शिक्षक स्वतः बुडण्याचं नाटक करू लागला. हातपाय झाडतोय, तोंडातली नळी काढून फेकलीय. ही तडक पोहत गेली आणि हात पुढे केला. त्यानं तिच्या डोक्यावर चढून तिचा मास्क उपटला आणि तिला पाण्याखाली दाबलं. वर आल्यावर तो शांतपणे म्हणाला, "अब दोनों गए."

मी काही बोलले नाही. माझ्या डोळ्यांपुढे ओसरीवरचा फोटो होता.

दुसऱ्या खेपेला ती हाताच्या टप्प्याबाहेर थांबली. मोठ्यानं, पण शांत आवाजात बोलत राहिली, माझ्याकडे बघ, जॅकेटमध्ये हवा भर. ऐकत नाही म्हटल्यावर वळसा घालून पाठीमागून गेली, सिलिंडर दोन्ही गुडघ्यांत पकडलं आणि त्याच्या जॅकेटमध्ये हवा भरून त्याला तरंगतं केलं. आणि बुडणाऱ्यानं मिठी मारलीच, तर? तर वर जायचं नाही, खाली जायचं. त्याला हवं असतं वर, हवेकडे. आपण खाली गेलो की तो आपोआप हात सोडतो.

शेवटी बेशुद्ध माणसाचा धडा. पाण्यातच त्याचा चेहरा वर ठेवून दर पाच सेकंदांनी तोंडातून श्वास द्यायचा, मधल्या वेळात त्याचं एकेक सामान सोडवायचं आणि ओढत बोटीकडे न्यायचं. "तोंडात खारं पाणी, हात पट्ट्यांत अडकलेले आणि मनात आकडे. एक, दोन, तीन, चार, श्वास. मी मराठीतच मोजत होते." पहिल्या दिवशी तिची मोजणी चुकली. आपण मारलं त्याला, असं वाटून रात्री झोप लागली नाही म्हणाली. नाटकच होतं, तरीही.

मग न राहवून मी विचारलं, "धाकट्या आजोबांनी काय करायला हवं होतं गं?"

तिला ती गोष्ट माहीत आहे, सगळ्यांनाच आहे. ती जरा वेळ ताटाकडे बघत राहिली. "विहिरीवर रहाट होता ना?"

होता.

"मग दोर असेल."

पन्नास वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. दोर होता. कळशीसकट काठावर पडलेला होता. मला तो अजून दिसतो.

इतका वेळ आमचे हे खाली मान घालून ताक पीत होते. ते उठले, हात धुऊन आले आणि परत पाटावर बसले. सदतीस वर्षांच्या संसारात मी न ऐकलेली गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली.

१९९६च्या सुमाराची गोष्ट. ते तेव्हा पीण्यातल्याच एका कारखान्यात सुपरवायझर होते. सांडपाण्याची जमिनीतली टाकी साफ करायला एक माणूस उतरला आणि आवाज येईनासा झाला. त्याला बघायला दुसरा उतरला. तोही पडला. तिसरा त्या दुसऱ्याचा सख्खा भाऊ, तो शिडीवर पाय टाकत होता. ह्यांनी मागून त्याची कॉलर धरली, खाली पाडलं आणि अंगावर बसून राहिले, अग्निशामक दल येईपर्यंत. तो ओरडत होता, शिव्या देत होता, ह्यांच्या हाताला चावला. खालचे दोघंही गेले. तो वाचला. पण पुढे कधी ह्यांच्याशी बोलला नाही. समोर आला की थुंकायचा. "मला आजही कळत नाही, मी भित्रा होतो की काय होतो," हे म्हणाले.

भाची म्हणाली, "काका, तुम्ही एक माणूस वाचवलात. आमच्या कोर्समध्ये ह्याला पैकीच्या पैकी मार्क आहेत."

त्यांच्या मनगटाजवळची ती खूण मी इतकी वर्षं यंत्रात सापडल्याची समजत होते.

मागाहून त्यांनीच सांगितलं, तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्यात, छत्तिसाव्या कलमात, ह्याचा विचार होता. टाकीतला वायू काढून ती सुरक्षित असल्याचा लेखी दाखला तरी हवा, नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडाला श्वासाचं साधन आणि कमरेला पट्टा बांधून त्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. म्हणजे दोर तिथेही होता, कागदावर. टाकीत प्राणवायू नसला किंवा विषारी वायू असला की माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. वरच्याला वाटतं, पाय घसरला असेल, आणि तो धावतो. विहिरीत काय, टाकीत काय, दुसरा मरतो तो मायेनं.

आपल्या देशात बुडून मरणाऱ्यांची सरकारी नोंद दरवर्षी पस्तीस हजारांच्या वर जाते. वाचकहो, सहलीचे दिवस आहेत, म्हणून भाचीकडून वहीत उतरवून घेतलेलं इथे देते. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, तोच त्याच्याकडे नसतो. तो उभ्याचा उभा, तोंड वर, गप्प असतो. लहान मूल तर मिनिटाच्या आत दिसेनासं होतं. म्हणून पाण्याजवळ एकानं नुसतं बघत बसायचं, मोबाइल पिशवीत. कुणी बुडताना दिसलं तर आधी आरडाओरडा करून माणसं जमवा, ११२ला फोन करायला सांगा. काठावर आडवं पडून काठी, ओढणी, फांदी पुढे करा. पोहोचत नसेल तर तरंगणारं काही फेका. तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा, बूच घट्ट लावून, माणसाला बराच वेळ आधार देतो. होडी असेल तर होडी. पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, तेही शिकलेल्यानं आणि हातात तरंगणारं काही घेऊन. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर उलटं टांगून, पोट दाबून पाणी काढत बसू नका; आधी तोंडातून श्वास द्या, मग छाती दाबायला लागा, तीस वेळा दाब आणि दोन श्वास, मदत येईपर्यंत. हे हातानं करून बघितल्याशिवाय येत नाही, कुठे वर्ग असेल तर जा.

आणि साधन नव्हतं असं म्हणू नका. ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूत, पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टरै धरणावर चार तरुण बुडायला लागले, तेव्हा तिथल्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं. दोघे मात्र गेले.

गणपतीला आम्ही गावी गेलो होतो. ह्यांनी पीण्यातून ट्रकच्या टायरची एक जुनी ट्यूब आणि पंधरा मीटर नायलॉनचा दोर नेला होता. विहिरीच्या थारोळ्याजवळ खुंटी ठोकून तिथे अडकवला. भावजय हसत होती. परवा भावाचा फोन आला, पोरं ती ट्यूब काढून खुशाल पोहायला घेतात म्हणे, काय करायचं?

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "घेऊ देत," म्हणाले, "फक्त पुन्हा खुंटीला लावायला सांगा. आणि दोर सोडू नका म्हणावं."