काकूंचा पगार किती होता?



'टॉर्ट रिफॉर्म' म्हटलं की आपल्याला मॅकडॉनल्ड्सची कॉफी आठवते. कॉफी सांडली आणि आजीबाईंना घबाड मिळालं! हा किस्सा मीही पार्ट्यांमध्ये हसत सांगितलाय. मग एकदा खटल्याची माहिती नीट वाचली. १९९२ साली भाजलेल्या स्टेला लीबेक ७९ वर्षांच्या होत्या. त्यांना त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी मागितले २० हजार डॉलर, कंपनीने देऊ केले ८००. भाजल्याच्या सातशेहून जास्त तक्रारी कंपनीकडे आधीच आलेल्या होत्या.

पण अशाच किश्श्यांच्या जोरावर कायदे झाले. आमच्या टेक्सासमध्ये २००३ पासून वैद्यकीय हलगर्जीपणाच्या दाव्यात वेदना, अपंगत्व, आयुष्यातला हरवलेला आनंद यासाठी सगळ्या डॉक्टरांकडून मिळून जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळतात. हॉस्पिटलं धरून फार तर साडेसात लाख. बुडालेल्या पगाराला मात्र अशी मर्यादा नाही.

म्हणजे ज्याला पगारच नाही त्याचं काय?

आमच्या एका मित्राची आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. निदानाला उशीर झाला आणि काकूंचा एक डोळा गेला. मित्र तीन वकिलांकडे गेला. तिघांनीही आधी विचारलं, "त्या किती कमवत होत्या?" इथला वकील भरपाईतल्या टक्केवारीवर काम करतो, तज्ज्ञांची फी आधी स्वतःच्या खिशातून भरतो. बचाव पक्षाचं उत्तर आल्यापासून १२० दिवसांत तज्ज्ञाचा अहवाल द्यावा लागतो. गणित जमेना. कोणीच केस घेतली नाही. व्हिसामुळे घरी बसलेल्या आपल्या किती जणींचं उद्या हेच होईल!

आपल्यातल्या डॉक्टरांची बाजू मला कळते. विम्याचे हप्ते उतरले हे खरंच आहे. पण त्यामुळे टेक्सासमध्ये डॉक्टरांची रीघ लागली, हा दावा हायमन, सिल्व्हर आणि ब्लॅक यांच्या २०१५ च्या अभ्यासात टिकला नाही. (आकडे न बघता बोलायची सवय आम्हा शास्त्रज्ञांनाही असते म्हणा.)

कॅलिफोर्नियाने १९७५ चे अडीच लाख २०२२ अखेरपर्यंत तसेच ठेवले होते. २०२३ पासून मात्र ती मर्यादा दरवर्षी वाढते आहे. महागाई धरली तर २००३ चे अडीच लाख आज सव्वाचार लाखांच्या वर जायला हवेत. टेक्सासमध्ये ज्यांना मताचा हक्क आहे, त्यांनी आपल्या विधिमंडळ प्रतिनिधीला फोन करून विचारावं, हा आकडा अजून तिथेच का?