भाकरीचे ताट आणि वजनाचा काटा

धाराशिव जिल्ह्यातून परदेशी येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांत मधुमेहाचे निदान झाले की त्याचा दोष एक तर घराण्याच्या रक्ताला दिला जातो, नाही तर सुटलेल्या ज्वारीच्या भाकरीला. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनावरून ध्यानात येते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो भरले. मात्र हाडे-स्नायू कमी असूनही पुण्याकडच्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात स्वतः याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली: दोघांचा देहभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने काढलेले वजन, २२.३ इतका सारखाच, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के.

आनुवंशिकतेचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. २००७ मध्ये स्थूलतेशी संबंध आढळलेल्या 'एफटीओ' जनुकाच्या विशिष्ट रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्या युरोपीय प्रौढांचे वजन सरासरी सुमारे तीन किलोंनी अधिक भरले, आणि 'एमसी४आर'सारखी जनुके तर मेंदूतील भूक-तृप्तीचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रातच काम करतात. परंतु तीन किलोंच्या फरकावर सगळे खापर फोडणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

अधिक विचार करायला लावणारी बाब बी-१२ या जीवनसत्त्वाची आहे. पुण्याजवळच्या त्याच खेड्यांतील पाहणीत गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला शरीर दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली, तर बी-१२ कमी असलेल्या मातांची मुले नवव्या वर्षी अवधान आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडली. निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि चेतातंतूंवरील मायलिन हे आवरण घडण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते, आणि ते भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी यांत मुळीच नसून दूध, दही, अंडी, मांस यांतच मिळते. गावाकडच्या जेवणाचे गोडवे गाताना (परदेशातील मराठी मंडळांच्या स्नेहभोजनांत ते हमखास गायले जातात) ताकाची वाटी विसरली जाते, ते विसरणे याचसाठी महाग पडते.

आता वजनाच्या काट्याकडे वळायचे तर, परदेशी दवाखान्यांत अनेकदा २५ हा देहभार निर्देशांक अतिवजनाची सीमा धरला जातो. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी ती २३ वर आणली असून कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा, असे सुचवले आहे.