पाच बाटल्यांचा हिशेब

चेहऱ्यावर वांग आला की आरशाच्या आधी माणसेच सांगू लागतात. हळदीकुंकवाला जावे तर "अगं, गालावर हे काय?" लग्नाला जावे तर "पूर्वी किती नितळ होतीस!" आणि प्रत्येकीकडे उपाय तयार. कुणी लिंबू सांगते, कुणी जायफळ उगाळायला सांगते, तर कुणी पर्समधली ट्यूबच काढून हातावर ठेवते. धाकट्याच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून माझ्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग आहेत, आणि छत्तिशी गाठली तरी हनुवटीवर पुटकुळ्या उठतातच. तेव्हा हे सगळे उपदेश मी पोटभर ऐकले आहेत.

दिवाळीत पुण्याच्या नणंदेने एक देखणी पेटी दिली. आत पाच बाटल्या: फेसवॉश, टोनर, 'क' जीवनसत्त्वाचे सीरम, रात्री लावायचे रेटिनॉल आणि सनस्क्रीन. किमतीची चिठ्ठी काढायची राहून गेली होती, सात हजार दोनशे! हे म्हणाले, "एवढ्यात गॅसचे सात-आठ सिलिंडर आले असते." मी म्हटले, सिलिंडर काही नणंद देणार नव्हती. आलेच आहे तर नीट तीन महिने वापरून वहीत टिपून ठेवू या.

तीन महिने अशासाठी, की त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाच साधारण महिना लागतो. "आठ दिवसांत गुण" म्हणणारी बाटली दुकानातच राहू द्यावी. आणखी दोन नियम पाळले, ते तुम्हीही पाळा. कुठलीही नवी वस्तू आधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहायची. आणि पाचही एकदम सुरू न करता पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक वाढवायची, म्हणजे गुण कुणाचा आणि आग कुणाची हे कळते.

आता एकेकीचा हिशेब. फेसवॉश चांगला. आपल्या त्वचेची प्रकृती किंचित आम्ल आणि अंगाचा साबण अल्कधर्मी. म्हणून साबणाने तोंड धुतले की कातडी ओढल्यासारखी होते, आणि इकडे भोर-उत्रोलीच्या थंडीत तर जास्तच. पण हे काम कुठलाही सौम्य, बिनवासाचा फेसवॉश करतो. टोनरला वास छान होता, एवढेच वहीत लिहिले आहे.

सीरमने डाग थोडे उजळतात, पण फार हळू. शिवाय 'क' जीवनसत्त्व हवेने आणि उजेडाने बिघडते. बाटली कपाटात जपून ठेवूनही अडीच महिन्यांत आतला रंग चहासारखा झाला. मग ते टाकूनच द्यावे लागते.

रेटिनॉल मात्र खरे काम करणारे. वाटाण्याएवढे घ्यायचे, सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. पहिले काही दिवस सालपटे निघतात, मग पुटकुळ्या कमी होतात. पण दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर याला हात लावायचा नाही. याच घराण्यातली औषधे डॉक्टर पुटकुळ्यांवर लिहून देतात आणि ती ट्यूब काही शेकड्यांत येते.

पेटीतली खरी राणी म्हणजे सनस्क्रीन. वांग वाढतो तो उन्हाने. दिवस गेल्यावर किंवा संततिनियमनाच्या गोळ्यांनी शरीरातले स्राव बदलतात, डागांची तयारी होते, आणि ऊन त्यावर शाई ओतते. मी दुपारच्या शाळेला उत्रोलीहून भोरला स्कूटीवरून जाते, म्हणजे ऐन उन्हात गाल पुढे करूनच! ढग असले तरी घातक किरण खाली येतातच, तेव्हा पावसाळ्यातही सुटी नाही. चेहरा आणि गळा मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे सनस्क्रीन लागते. आपण लावतो टिकलीएवढे आणि म्हणतो, उपयोग नाही. एसपीएफ तीस सुमारे सत्त्याण्णव टक्के किरण अडवते, पन्नास सुमारे अठ्ठ्याण्णव. तेव्हा आकड्यामागे धावण्यापेक्षा पुरेसे लावा आणि उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. वांग असेल तर त्वचेच्या रंगाची छटा असलेले घ्यावे. त्यातले लोहाचे संयुग दिसणारा उजेडही अडवते, आणि वांगाला तोही बाधतो. जोडीला रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून पदर, हा बिनपैशाचा उपाय आहेच.

तीन महिन्यांनी पुटकुळ्या निम्म्यावर आल्या. वांग एक छटा फिकट झाला, गेला नाही. पाचांतल्या तिघी कामाच्या ठरल्या, आणि त्या तिघींना पर्याय साध्या दुकानात आहे. सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन हे तीन जिन्नस हजाराच्या आसपास येतात. दोन बोटांच्या मापाने पन्नास ग्रॅमची सनस्क्रीनची ट्यूब रोज एकदा लावली तर दीड महिना पुरते, तेवढा हिशेब धरा.

महागड्या पेटीने फार तर पैसे जातात. मला काळजी आहे ती पर्समधल्या त्या दुसऱ्या ट्यूबची. "मेडिकलमधून आण, चार दिवसांत गोरी होशील," असे सांगून ती हातोहात फिरते. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. पहिल्या महिन्यात चेहरा खरोखर उजळतो. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येते, आणि लावायचे थांबवले की चेहरा भाजल्यासारखा होतो. म्हणून बाई पुन्हा तीच लावते. केंद्र सरकारने २०१८ साली अशी बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती फिरतातच.

आणि अकोल्याची २०२३ सालची बातमी आठवते ना? एका तरुण मुलीने गोरेपणाची क्रीम लावली. गुण दिसला म्हणून आईने आणि बहिणीनेही लावली. तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा दोषी निघाला तो क्रीममधला पारा. पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून उजळ दिसते. पण तोच कातडीतून रक्तात आणि मूत्रपिंडात जातो. आपल्या २०२० च्या नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला मनाई आहे. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, त्याहून जास्त नाही.

१९७५ साली आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून टाकला. आपल्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. सहावीतल्या मुली मला विचारतात, "बाई, गोरं व्हायला काय लावू?" त्यांनी हे कुठे ऐकले असेल, ते आपल्याला ठाऊक आहे. नितळपणा हवा म्हणणे वेगळे आणि गोरेपणा हवा म्हणणे वेगळे, एवढे तरी आपण घरात बोलायला हवे.

मग आता काय करायचे? आज रात्री घरातल्या सगळ्या ट्यूब उजेडात आणा आणि चष्मा लावून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोक्विनोन यांपैकी नाव दिसले, किंवा 'आरएक्स' ही खूण असली, तर ते प्रसाधन नव्हे, औषध आहे. ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी नाही, ती सरळ टाकून द्या. लिंबू चेहऱ्याला नको, ते लावून उन्हात गेले तर डाग वाढतात. डाळीचे पीठ आणि साय खुशाल लावा, पण त्याने वांग जाईल अशी आशा धरू नका.

हनुवटीवर पुटकुळ्या आणि जोडीला पाळी अनियमित असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, तिथे क्रीमचा उपयोग नाही. आपल्या भागातल्या बायकांना स्वारगेटच्या एसटीने पुण्याला जाऊन ससूनच्या त्वचारोग विभागात दाखवता येते. चेहऱ्यासाठी पैसे काढून ठेवले असतील तर पहिले डॉक्टरांना द्या, दुसरे सनस्क्रीनला. उरले तर स्वतःसाठी एक छानशी टोपी घ्या, तीही वांगावर औषधच आहे.