फिल्मच्या कडेची भोके

गेल्या महिन्याच्या टपालात बीरगांवहून एका भगिनींचे पत्र आले. सासूबाईंची जुनी ट्रंक आवरताना लुगड्याच्या घडीत त्यांना वीतभर लांबीचा फिल्मचा एक तुकडा सापडला. सासूबाई लहान असताना रायपूरच्या चित्रपटगृहांमागे टाकलेले असे तुकडे मुले वेचून आणीत आणि उन्हाकडे धरून पाहत; त्यांतलाच तो एक. तुकड्यावर बारा चित्रे आहेत आणि बाराही अगदी सारखी दिसतात. भगिनींचे यजमान उरल्याच्या कारखान्यात पत्र्याला भोके पाडणाऱ्या प्रेसवर काम करतात. त्यांनी तुकड्याला पट्टी लावून पाहिली आणि कडेची भोके कोठेही केसभर चुकलेली नाहीत, असा निर्वाळा दिला. मुलाने मात्र खरा प्रश्न विचारला. चित्र मधोमध आहे, मग दोन्ही कडांना एवढी भोके पाडण्याचा खटाटोप कशासाठी?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. चित्रपटाचा आरंभीचा इतिहास पुष्कळ अंशी या भोकांचाच इतिहास आहे, आणि त्यातले एक प्रकरण आपल्या मराठी घरात, स्वयंपाकघराला लागून घडलेले आहे. म्हणून या वेळचे सर्व पान या एका पत्रास देत आहोत.

घोडा धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, हे पाहण्यासाठी १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज या छायाचित्रकाराने बारा कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोड्याची बारा छायाचित्रे घेतली. पाय सुटतात, हे सिद्ध झाले. परंतु घोड्यासाठी बारा कॅमेरे लागले, तर एखाद्या प्रसंगासाठी किती लागतील? एकाच कॅमेऱ्याने भराभर चित्रे घ्यावयाची, तर काचेच्या जड तावदानांऐवजी गुंडाळता येणारी लांब पट्टी हवी. ती सेल्युलॉइडची पट्टी १८८९ मध्ये ईस्टमनच्या कारखान्यातून बाजारात आली. पट्टी मिळाली, पण ती सरकवावयाची कशी? नुसत्या रुळांवरून ओढली तर गुळगुळीत पट्टी कधी घसरते, कधी अधिक ओढली जाते. एडिसनच्या प्रयोगशाळेतील डिक्सन या साहाय्यकाने पट्टीची रुंदी अदमासे ३५ मिलिमीटर धरली आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांवर चार चार भोके पाडून ती दातेरी चाकावर चढविली. भगिनी, आपल्या तुकड्यावरील कोणत्याही एका चित्राशेजारची भोके मोजून पाहा. चारच भरतील.

१८९४ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनची ही यंत्रे लोकांस दाखविण्यात आली, पण त्यांत एका वेळी एकाच माणसाने वाकून पाहावयाचे असे. चित्र भिंतीवर पाडून शेकडो लोकांनी एकत्र पाहावे, तर त्यास भरपूर उजेड लागतो. आणि उजेड पडत असता पट्टी सरकत राहिली, तर पडद्यावर नुसता फराटा उमटतो. येथे खरी मेख होती. पट्टी सरकली पाहिजे आणि त्याच वेळी ती थांबलीही पाहिजे.

ही मेख फ्रान्समधील लिआँ शहराच्या लुई ल्युमिएर यांनी काढली, आणि त्यांना ती सुचली शिवणयंत्रावरून. आपल्यापैकी ज्यांच्या घरी शिवणयंत्र असेल त्यांनी हा लेख क्षणभर बाजूस ठेवावा, यंत्रात एक चिंधी घालावी आणि चाक हाताने अगदी सावकाश फिरवावे. सुई कापडात असते तोवर कापड जागचे हलत नाही. सुई वर निघाली की खालचे दात डोके वर काढतात, कापडाला एक टाका पुढे ढकलतात, आणि पुन्हा खाली दडून मागे जातात. ल्युमिएरच्या यंत्रात दातांच्या जागी दोन आकडे होते. ते फिल्मच्या भोकांत शिरत, एक चित्र खाली ओढीत, बाहेर पडत आणि रिकामे वर जात. आकडे ओढीत असताना एक फिरती झडप उजेड अडवी. फिल्म स्थिर झाली की झडप उघडे. सेकंदाला सुमारे सोळा वेळा हा खेळ चाले. ल्युमिएरच्या फिल्मला चित्रामागे प्रत्येक कडेला एकच गोल भोक असे, हा तपशील आपल्या यजमानांना गमतीचा वाटेल.

थोडक्यात, पडद्यावर हलणारे असे काहीच नसते. स्थिर चित्रे आणि त्यांमधला अंधार एवढेच तेथे असते. चित्र डोळ्यांत क्षणभर रेंगाळते म्हणून गती भासते, असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले असे. आज शास्त्रज्ञ त्यापेक्षा आपल्या मेंदूच्या जोडकामास अधिक महत्त्व देतात.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या एका कॅफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी एक फ्रँक तिकीट लावून दहा छोटी चित्रे दाखविली. पहिल्या खेळास अवघी तेहतीस माणसे होती. त्यानंतर सात महिनेही लोटले नाहीत तोच, ७ जुलै १८९६ रोजी, तेच यंत्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलात येऊन पोहोचले. तिकीट एक रुपया, म्हणजे सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात गेले, तेव्हा पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळ्या जागा राखण्यात आल्या. मुंबईचेच हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. परंतु ती फिल्म धुण्यासाठी लंडनला धाडावी लागली. चित्र येथले, पैलवान येथले, आणि धुणे मात्र सातासमुद्रापलीकडे.

ते सर्व काम घरी आणले दादासाहेब फाळके यांनी. मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांना या विद्येचे वेड लागले, ही कथा आपणांस ठाऊक आहेच. १९१२ च्या आरंभी ते विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले. तेथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोरी फिल्म मागविली, आणि त्यांबरोबर आणखी एक यंत्र मागविले, त्याचा उल्लेख पुष्कळदा राहून जातो. ते होते फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र. त्या काळी कोरी फिल्म बहुधा बिनभोकांची विकली जाई आणि घेणाऱ्याने ती आपली आपण पाडून घ्यावयाची असे. १९०९ साली पॅरिसला जमलेल्या चित्रपट-उत्पादकांनी ३५ मिलिमीटर रुंदी आणि चार भोके हे माप मान्य केले होते. ते चुकले तर फिल्म यंत्रात नाचे आणि पडद्यावर देवही थरथरू लागत.

दादरच्या मथुरा भवनात हे यंत्र आले आणि ते चालविण्याचे काम गेले सरस्वतीबाई फाळके यांच्याकडे. त्या माहेरच्या कावेरी करंदीकर. १९०२ साली लग्न होऊन फाळक्यांच्या घरी आल्या. दिवसा घरकाम व मुले, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडणे. उजेडाचा किरण लागला तर फिल्म वाया जाते, म्हणून हे सारे चाचपडत, बोटांच्या अंदाजाने करावयाचे. परिभाषेत याला 'छिद्रण' म्हणावे, असे आमच्या भाषांतराच्या टेबलावर ठरलेले आहे. पण त्या घरात हा शब्द कोणी उच्चारला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

सावकाराची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी प्रथम एक लहानसे चित्र तयार केले. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा पुढे मांडून ठराविक अंतराने एकेक चित्र घेत गेले. पडद्यावर वाटाण्याचा कोंब पाहता पाहता वाढून वेल झाला. फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी तो पाहून कर्ज दिले. तरीही पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण गेले.

आता थोडा हिशेब करू. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३,७०० फूट लांबीचा होता. फुटाला सोळा चित्रे, म्हणजे ५९,२०० चित्रे. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांची मिळून आठ भोके, म्हणजे ४,७३,६००. हे झाले एका प्रतीचे. कॅमेऱ्यात घालावयाची मूळ फिल्म वेगळी आणि तिच्यावरून छापावयाची प्रत वेगळी, तेव्हा आकडा नऊ लाखांच्या पुढे जातो. आणि चित्रणात वाया गेलेली फिल्म यात धरलेलीच नाही. शिवाय कॅमेऱ्यात फिल्म भरणे, ती धुण्याची रसायने कालवणे, उन्हात पांढऱ्या चादरी ताणून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, ही कामेही त्याच हातांची. तारामतीची भूमिका करावी असे पतीने सुचविले असता त्यांनी नकार दिला. ती भूमिका शेवटी अण्णा साळुंके या उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाने केली. रोहिदास मात्र घरचाच, मुलगा भालचंद्र.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट लागला. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार भारत सरकारतर्फे १९६९ सालापासून दिला जातो आणि तो योग्यच आहे. सरस्वतीबाईंच्या नावाने तसे काही पाहण्यात नाही, याची खंत आम्हांस वाटते. चित्रपटाची जी दोन रिळे आज शिल्लक आहेत ती १९१३ ची की १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासक वाद घालतात. कोणत्याही सालची असोत, कडेची भोके कोणी पाडली असतील, हा प्रश्न त्या वादात फारसा निघत नाही.

फाळक्यांचा हा चित्रपट पाहून कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव मिस्त्री हे दोघे भाऊ, नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार, असेच झपाटले गेले. कॅमेरा विकत घेणे परवडेना, तेव्हा तो घरी घडवावयाचे त्यांनी ठरविले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूराव पेंटर यांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्याने काम चालू ठेवून १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध केला. लेथवर ज्यांनी पितळेचा तुकडा कातला आहे, त्यांना थांबत-सरकत चालणारे ते दातेरी काम किती नाजूक, हे सांगावयास नको. त्यांच्या कंपनीस भांडवल पुरविणारांत तानीबाई कागलकर या गायिका होत्या. १९२० साली पुण्यात त्यांचा 'सैरंध्री' झळकला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्यातल्या स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या होत्या. हेच दामले पुढे 'प्रभात'च्या संस्थापकांत होते, आणि 'संत तुकाराम'च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक.

बोलपट आल्यावर फिल्मचा वेग सेकंदाला चोवीस चित्रांवर गेला आणि एका कडेला ध्वनीची पट्टी आली. भोके मात्र चारची चारच राहिली. १९६५ साली मनु नायक यांनी आपल्या छत्तीसगडी बोलीतला पहिला चित्रपट 'कहि देबे संदेस' काढला, तोही अशाच भोकांवरून सरकला. आज चित्रपटगृहांत फिल्म जवळजवळ उरलेली नाही. संगणकातून येणाऱ्या चित्राला कडा नाही आणि भोकेही नाहीत.

आता, भगिनी, त्या तुकड्याविषयी. बाराही चित्रे सारखी दिसतात असे आपण लिहिता. पहिले आणि बारावे चित्र शेजारी धरून पाहा. बोलपटातील फिल्म असेल तर त्या दोहोंत जवळजवळ अर्ध्या सेकंदाचे अंतर आहे, आणि कोठे तरी हात, पापणी किंवा पदराचे टोक सरकलेले दिसेल. एका कडेला, भोके आणि चित्र यांच्यामध्ये, नागमोडी किंवा आडव्या रेघांची बारीक पट्टी आहे का, तेही पाहावे. असल्यास तो आवाज आहे. कडेवर इंग्रजी अक्षरांत 'सेफ्टी' हा शब्द छापलेला सापडला तर काळजी नाही. तो नसेल आणि तुकडा १९५० च्या सुमाराचा किंवा त्याआधीचा असेल, तर ती जुनी नायट्रेट फिल्म असू शकते, आणि ती कापरासारखी भडकते. देवघर व चूल यांपासून दूर ठेवावी आणि मुलांना काडी लावून पाहू देऊ नये. तुकड्याला आंबूस, शिरक्यासारखा वास येत असेल तर तो कुजू लागला आहे असे समजावे. अशा वेळी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. साध्या पांढऱ्या कागदात सैल गुंडाळून कोरड्या, थंड जागी ठेवावा. लुगड्याची घडी त्या मानाने वाईट नव्हती.