निसटता जय

मोठ्या फरकानें मिळालेला जय मनुष्य लवकर विसरतो. निसटता जय मात्र वर्षानुवर्षें मनांत घोळत राहतो, असा आमचा अनुभव आहे. ज्यांस फुटबॉलची गोडी नाहीं, अशा वाचकांनीं पान उलटण्याची घाई करूं नये. आज आम्हांस जें सांगावयाचें आहे, त्याचा आरंभ मैदानावर होत असला तरी शेवट घरांतच व्हावयाचा आहे.

१३ मार्च २०२१ च्या रात्रीं इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना मडगांवांतील फातोर्ड्याच्या मैदानावर मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान या दोन संघांत झाला. कोरोनाच्या सांथीमुळें त्या हंगामाचे सारे सामने गोव्यांतच, आणि तेही प्रेक्षकांवांचून, खेळले गेले. दोन्ही संघ अगदीं तुल्यबळ होते. दोन आठवड्यांपूर्वीं साखळी सामने संपले तेव्हां दोघांचे गुण प्रत्येकीं ४० भरले होते, आणि परस्परांतील सामने मुंबईनें जिंकले होते एवढ्याच आधारावर पहिला मान तिला मिळाला होता. पुढें उपांत्य फेरींत गोव्याच्या संघाशीं झालेले दोन्ही सामने बरोबरींत सुटले व शेवटीं पेनल्टीच्या फटक्यांवर ६–५ असा निकाल लागला. सारांश, आमचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला तोच मुळीं केसाच्या अंतरानें.

आमच्या घरीं त्या रात्रीं जेवणें लवकर उरकून लहानथोर सारीं मंडळी दूरदर्शनच्या संचासमोर बसली होती. रिकामीं आसनें आणि खेळाडूंचे एकमेकांस दिलेले हांकारे एवढेंच पलीकडे दिसे व ऐकूं येई. त्यामुळें गलका करण्याचें कर्तव्य जणूं आमच्याच माथीं आलें होतें. आमचे पुतणे तें मनोभावें पार पाडीत होते, आणि वय विसरून आम्हीही त्यांत सामील होतों. आमच्या वृद्ध मातोश्री कोपऱ्यांतल्या खुर्चीवर वाती वळीत बसल्या होत्या.

अठराव्या मिनिटाला मुंबईचा मोरोक्कन खेळाडू अहमद जाहू आपल्याच गोलापाशीं चेंडू घेऊन क्षणभर रेंगाळला. फिजीच्या रॉय कृष्णानें तो त्याच्या पायांतून काढून घेतला आणि डेव्हिड विल्यम्सनें गोल केला. आमच्या घरांत जाहूचा जो उद्धार झाला तो येथें छापण्याजोगा नाहीं. अकरा मिनिटें लोटलीं. त्याच जाहूनें दूरवरून एक उंच चेंडू टाकला. तो परतविण्याच्या प्रयत्नांत बागानचा स्पॅनिश बचावपटू तिरी याच्या डोक्याचा स्पर्श होऊन चेंडू त्याच्याच जाळ्यांत गेला. बरोबरी झाली.

पूर्वार्ध संपत आला असतां मुंबईचा तरुण खेळाडू अमेय रानवडे टक्कर होऊन मैदानावर निपचित पडला. रुग्णवाहिका आंत आली. त्या कांहीं मिनिटांत दोन्ही संघांचे खेळाडू एकाच चिंतेनें उभे होते. कोण कोणत्या बाजूचा, हें जणूं कोणाच्याच ध्यानांत नव्हतें. अमेय पुढें बरा होऊन पुन्हां खेळूं लागला, ही आनंदाची गोष्ट. त्या रात्रीं मात्र आमच्या घरांतला गलका प्रथमच थांबला.

उत्तरार्ध गोलावांचून सरत चालला. नव्वदावें मिनिट लागलें. बागानच्या गोलाकडे एक लांब चेंडू आला. तो ताब्यांत घेण्यास गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य जागा सोडून पुढें आला. परंतु चेंडू त्याच्या हातीं लागला नाहीं. नायजेरियाच्या बार्थोलोम्यू ओग्बेचेनें तो मिळवून मणिपूरच्या बिपिन सिंगकडे दिला आणि बिपिननें तो जाळ्यांत घातला. मुंबई २, बागान १. आमच्या इतिहासांतील पहिलें अजिंक्यपद!

त्या क्षणीं आम्ही काय ओरडलों, तें सांगावयास आज संकोच वाटतो. ‘बिपिन, शाबास!’ हे आमचे पहिले शब्द नव्हते. ‘चुकला! बरें झालें, चुकला!’ असें आम्ही ओरडलों. मुलांनींही तेंच उचलून धरलें. थोड्या वेळानें सामना संपला, आणि पडद्यावर त्या गोलरक्षकाचा चेहरा दिसला. वाती बाजूला ठेवून मातोश्रींनीं विचारलें, “काय रे, हा मुलगा आज जेवेल का?”

धाकटा पुतण्या म्हणाला, “आजी, अग तो आपल्या विरुद्ध बाजूचा!”

“असूं दे कीं. घरीं आई असेल ना त्याची?”

यावर कोणाजवळच उत्तर नव्हतें. चषक उंचावला गेला, आम्हीं टाळ्याही वाजविल्या. परंतु आमच्या आनंदाला जो एक कंगोरा राहिला तो राहिलाच.

मागाहून शांतपणें विचार करतां ध्यानांत आलें कीं, त्या सामन्यांत झालेले तिन्ही गोल चुकीतूनच जन्मास आले होते. पहिली चूक जाहूची, दुसरी तिरीची, तिसरी अरिंदमची. जाहूची चूक अरिंदमच्या चुकीहून लहान होती, असें कोणताही निःपक्षपाती मनुष्य म्हणणार नाहीं. भेद होता तो वेळेचा. जाहू चुकला तेव्हां बहात्तर मिनिटें शिल्लक होतीं. त्याच्या सोबत्यांनीं त्याच्याकडे चेंडू देण्याचें बंद केलें नाहीं, आणि त्याच्याच पायांतून बरोबरीचा चेंडू गेला. अरिंदम चुकला तेव्हां घड्याळांत कांहींच उरलें नव्हतें. एकाला चूक सुधारण्यास अवधि मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाहीं; निसटता जय म्हणतात तो पुष्कळदां एवढाच असतो. आणि गंमत अशी कीं, संबंध हंगामांतील उत्कृष्ट गोलरक्षकाचें पारितोषिक त्या वर्षीं याच अरिंदमला मिळालें. हंगामाचा हिशेब मांडणाऱ्यांनीं त्यास श्रेष्ठ ठरविलें. आम्हीं मात्र एका मिनिटावरून त्याचा निकाल लावून टाकला होता.

बागानच्या संघाला असल्या निकालाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यांत ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या पलटणीशीं मोहन बागानची गांठ पडली. बागानच्या अकरांपैकीं दहाजण अनवाणी खेळत होते. पहिला गोल गोऱ्यांनीं केला. शिवदास भादुरीनें बरोबरी साधली, आणि अगदीं अखेरच्या मिनिटांत अभिलाष घोषनें विजयाचा गोल केला. २–१! प्रथम मागें पडून शेवटीं जिंकणें, हाच क्रम, हेच आंकडे. एकशें दहा वर्षांनीं तेंच दान फांशांनीं उलट टाकलें. त्या ऐतिहासिक जयाचा ज्यांस आजही अभिमान वाटतो, त्यांनीं फातोर्ड्याचा पराजय मुकाट्यानें सोसला असेल. कारण शेवटच्या मिनिटाची किंमत त्यांच्याइतकी कोणास ठाऊक?

याचा अर्थ बिपिनचा गोल फुकटचा होता, असा मात्र कोणीं करूं नये. नव्वद मिनिटें धांवून थकलेला मनुष्य दुसऱ्याच्या चुकीच्या जागीं नेमका हजर असतो, ही नुसती दैवाची कृपा नव्हे. तेथवर धांवत जाण्याचे श्रम त्याचे स्वतःचे असतात. मुंबईचा जय न्याय्य होता, आणि त्याचा आनंद आम्हांस आजही आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्या आनंदाचें पहिलें वाक्य आम्हीं चुकीचें उच्चारलें.

घरोघरीं हेंच चालतें, नाहीं का? वर्षभर नेटानें अभ्यास करणारा मुलगा एका पेपरांत घसरला कीं त्याचें सारें वर्ष त्या पेपरानें मोजलें जातें. तीस वर्षें घर सांभाळणाऱ्या गृहिणीची एका पंगतींत बिघडलेली आमटी पुढें दहा पंगतींत निघते. मैदानावर पंचाची शिट्टी झाली कीं वेळ संपतो, तेथें कोणाचा इलाज नाहीं. घरांत ती शिट्टी आपल्याच हातीं असते. चुकलेल्या माणसाकडे चेंडू पुन्हां द्यावयाचा कीं शिट्टी फुंकून मोकळें व्हावयाचें, हें आपणच ठरवितों.

४ मे २०२४ रोजीं कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, प्रेक्षकांच्या गर्दींत, याच दोन संघांचा अंतिम सामना पुन्हां झाला. मुंबईनें तो ३–१ असा जिंकला आणि बिपिननें तेव्हांही एक गोल केला. तो जय अधिक ऐसपैस होता. पण आमच्या घरीं आठवण निघते ती फातोर्ड्याचीच. त्या रात्रीं सामना संपतांच आमचा धाकटा पुतण्या, आतां चांगला मिसरूड फुटलेला, म्हणाला, “काका, त्यांचा गोलकीपर दाखवतात का, बघा.” चषकाकडे आम्हीं त्यानंतर पाहिलें.