मँगनीजचा दगड आणि पस्तीस लाख

उमरेडच्या मुलांना खाण म्हणजे काय, ते सांगायला नको. कोळसा तर आपल्या शेजारचाच! पण आपल्याच जिल्ह्यात रामटेकजवळ मनसर आणि कांद्रीला आणखी एक काळा दगड निघतो. त्याचं नाव मँगनीज. पोलाद बनवताना ते घातलं की पोलाद कणखर होतं. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये काळी पूड असते ना, तिच्यातही मँगनीज असतं.

कामठीचे डी. लक्ष्मीनारायण हे अशाच खाणींचे मालक. त्या काळात आपल्याकडचं बरंचसं मँगनीज बोटीत भरून परदेशी जाई. दगड आपला, पण त्याचा उपयोग करायची विद्या दुसऱ्यांची!

आजकाल पेपरात ‘प्रायव्हेट इक्विटी’ असा शब्द येतो. म्हणजे काय? समजा, भिवापूरच्या एका मिरची कांडणाऱ्या गिरणीला मोठं व्हायचंय, पण पैसा नाही. मग एक जण पैसे घालतो आणि गिरणीत वाटा घेतो. पाच-सात वर्षं थांबतो. धंदा वाढला की आपला वाटा विकून नफा घेतो. यात चूक काहीच नाही. धंद्याला पैसा लागतोच.

लक्ष्मीनारायण यांनीही धंद्यातच पैसा कमावला. पण शेवटी तो जिथे घातला, तिथे स्वतःसाठी वाटा मागितला नाही. 1930 साली मृत्युपत्रातून त्यांनी सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठाला दिले. कशासाठी? उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. उपयोजित म्हणजे रोजच्या कामात उपयोगी पडणारं. विद्यापीठ तेव्हा अवघं सात वर्षांचं होतं!

35 लाख म्हणजे किती, ते बघायचंय? त्या वेळी सोनं तोळ्याला साधारण 21 रुपये होतं. घ्या कागद-पेन्सिल! एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. उत्तर दोन टनांच्या जरासं अलीकडे आलं, तर तुमचं गणित बरोबर.

या पैशातून 1942 साली नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. सगळे तिला ‘एलआयटी’ म्हणतात. तेल, रंग, कागद, अन्नपदार्थ कारखान्यात कसे तयार होतात, याचं शास्त्र तिथे शिकवलं गेलं. 2023 साली तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. दाता गेल्यावर बारा वर्षांनी संस्था सुरू झाली. म्हणजे तिथला एकही विद्यार्थी त्यांनी पाहिला नाही.

आता घरी एक प्रश्न विचारा. आई-बाबांनो, उत्तर तुम्हीही द्यायचंय हं! आपल्याकडे देण्याजोगं काही असेल, तर ते आपल्या गावातल्या कशासाठी द्यावं? वाचनालय, विहीर, की शाळेची प्रयोगशाळा? आणि तेच का? नुसतं ‘चांगल्या कामासाठी’ म्हणून चालणार नाही. लक्ष्मीनारायण यांनी जसं नेमकं लिहून ठेवलं, तसं नेमकं सांगा!