घरात तांदूळ नाही आणि बॅले!

आमच्या सफाळ्यात कोणी बॅले कंपनी काढतो म्हटले, तर वरचेच वाक्य प्रथम ऐकू येईल. आणि ते बोलणाऱ्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्या घरातून पहिलाच मुलगा कॉलेजात आला, त्या घराचे डोळे पदवीपेक्षा पगाराकडे लागलेले असतात. माझ्या घरचेही तसेच. तरीही हा विचार सोडवत नाही. कारण आपल्याच पश्चिम रेल्वेवर, अंधेरीला, तो एकदा प्रत्यक्षात आला आहे.

१९५२ साली शांती बर्धन यांनी तेथे 'लिटल बॅले ट्रूप' स्थापन केला. काळ कसा होता? फाळणीला पाच वर्षे झालेली, धान्य रेशनवर, कलावंतांना पोसणारे संस्थानिकांचे दरबार संपलेले. स्वतः बर्धन क्षयाने पोखरलेले. ज्या अल्मोड्याच्या केंद्रात त्यांनी काम केले, ते उदयशंकरांचे केंद्र मोठ्या देणग्या असूनही बंद पडले होते. अशा वेळी त्यांनी 'रामायण' बसवले. नर्तकांनी कळसूत्री बाहुल्यांसारखे नाचायचे, ताठ मान, तुटक हातवारे, तोंडावर मुखवटा! मला यात गरिबीची अक्कलही दिसते. मुखवट्याआड एकाला दोन भूमिका करता येतात.

१९५४ मध्ये बर्धन वारले. मंडळी मात्र मोडली नाही. गुल बर्धन यांनी ती १९६४ मध्ये ग्वाल्हेरला, पुढे भोपाळला नेली आणि २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळली. पडदे, कपडे उसने मिळतात. माणसे एकत्र ठेवणे हाच नाचातला खरा खर्च.

आपल्याकडे तेच होत नाही. स्नेहसंमेलनासाठी महिनाभर तालीम करून मुले सुरेख नाचतात. तिसरे वर्ष संपले की कोणी तारापूरच्या एमआयडीसीत काँट्रॅक्टवर लागतो, कोणी पहाटेच्या लोकलने विरारपलीकडे जातो. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याची सकाळची. मग आठजण एका खोलीत यायचे केव्हा?

आणि आपला तारपा? भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांच्या त्या वाद्याभोवती पाड्यांवर रात्र रात्र नाच चालतो. पण पाहुणे आले की त्याच माणसांना उन्हात फाटकाशी उभे करायचे, दोन फेरे नाचवायचे आणि हातावर काहीतरी टेकवून वाटेला लावायचे! दिवाळी झाली की त्यांतले कित्येक कुटुंबासह वीटभट्टीवर जातात.

म्हणून माझे म्हणणे असे की, कंपनी काढायची ती दहा-बारा जणांची. नोकरी सोडायला कोणालाही सांगू नये. अंधेरीच्या मंडळीसारखे पूर्ण वेळ एकत्र राहणे थोर खरे, पण आमच्यासारख्यांना ते सुचवणारा बहुधा घरचा सुखी असतो. तालीम रविवारी. प्रयोग भात पिकल्यापासून दिवाळीपर्यंत, भट्ट्या सुरू होण्याआधी. तारपावाल्याला शोभेपुरते न बोलावता त्याच्या सुरावरच गोष्ट बसवावी, आणि पहिला पैसा येईल तो त्याचा. नाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी पगार असेल, त्याला नाही.

काही मित्र म्हणतात, आधी सरकारी अनुदान मिळू दे. अनुदानाची वाट पाहत बसलो तर आमचे तिसरे वर्षही सरेल. महाविद्यालयाने तूर्त एवढेच करावे: संमेलन आटोपल्यावर सभागृहाला कुलूप न घालता रविवारची किल्ली आमच्याकडे द्यावी. झाडलोट आम्ही करू. विजेचे बिल पहिल्या प्रयोगानंतर भरू.

(द्वितीय वर्ष, कला)